डॉक्टर थन्यारात यांची थोरली बहीण

डॉक्टर थन्यारात यांना थोरली बहीण नव्हती. कधीच नव्हती. पाठीवर दोन भाऊ झाले, तेही शाळकरी वयात गेले, आणि घरात उरलं ते हे एकच लेकरू. पण जगभरच्या रक्ततज्ज्ञांची ठाम समजूत अशी, की या बाईंना पथुम नावाची एक फार हुशार ताई होती, तिनं थॅलसेमियावर डोंगराएवढं काम केलं आणि बिचारी ऐन उमेदीत गेली. क्वालालंपूरच्या एका परिषदेत एका वयस्क गृहस्थांनी हातातला चहा खाली ठेवला, हात जोडले आणि म्हणाले, "तुमच्या ताईंचे निबंध आम्ही अजून मुलांना शिकवतो हो. असं माणूस इतक्या लवकर जायला नको होतं." थन्यारात यांनीही हात जोडले. काय करणार? स्वतःच्याच मयताला यजमान म्हणून उभं राहायची वेळ कुणावर येऊ नये.

कारण पथुम म्हणजे त्याच होत्या.

आमच्या इसानात, थायलंडच्या या ईशान्य भागात, याचं कुणाला काही वाटत नाही. नाव बदललेलं माणूस घरटी एक तरी सापडेल. धंदा बसला, लग्न जमेना, मोटरसायकलवरून पडला, की आमचा माणूस उठतो आणि विहारात भंतेंकडे जातो. जन्मवार सांगतो. भंते सांगतात, अमुक अक्षरं तुला मारक आहेत. मग तालुका कचेरीत जाऊन नवं नाव घ्यायचं आणि येताना शेवयांचं सूप पिऊन घरी यायचं, झालं काम. शिंप्यानं करावं, शिपायानं करावं, खुशाल करावं. पण शोधनिबंध लिहिणाऱ्या माणसानं मात्र चुकूनही करू नये! त्याची सगळी कमाई नावावर जमा होते ना. तुमचा निबंध दुसऱ्यानं आपल्या निबंधात आधाराला घेतला, की तुमच्या नावापुढे एक संदर्भ चढतो. त्या संदर्भांच्या राशीवर माणसाचं वजन ठरतं, बढती ठरते. आणि ही रास मोजणाऱ्या संगणकाला भंते कळत नाहीत आणि जन्मवारही कळत नाही. त्याच्या लेखी पथुम वोंगखाम ही एक बाई, थन्यारात वोंगखाम ही दुसरी. पहिलीच्या निबंधांवर लोक आजही तुटून पडतात. दुसरीचं बरं चाललंय, इतकंच.

बाईंचं हे निवृत्तीचं वर्ष. साठी झाली की सप्टेंबरअखेर खोन केनच्या विद्यापीठातून हार गळ्यात घालून घरी. पण मोठं प्राध्यापकपद मिळालं असतं तर आणखी काही वर्षं राहता आलं असतं, त्यांची ती तळमजल्यावरची रक्ततपासणीची खोलीही राहिली असती. म्हणून त्यांनी अर्ज केला होता. अर्जात फक्त थन्यारात या नावाचे निबंध जोडले. पथुमचा एकही नाही.

एके दिवशी विभागाचे प्रमुख थामरोंग यांनी बोलावून घेतलं. माणूस सज्जन, पण बँकॉकहून नुकताच आलेला, आणि अवघड बोलायचं असलं की खोकणारा. त्या दिवशी आधी बराच वेळ खोकला.

"डॉक्टरबाई, बसा. थंड काही मागवू?"

"सर, मी आता निवृत्त होणारी बाई. मला कशाला घाबरता? बोला की सरळ."

"बाहेरच्या परीक्षकांचं मत आलंय. काम उत्तम आहे म्हणतात. पण..." परत खोकला. "पण म्हणतात, ते तुमचं नाही. प्रत्येक निबंधाच्या मुळाशी तुमच्या थोरल्या बहिणीचं काम आहे. पद्धत त्यांची, गावं त्यांची, वाक्यांची वळणंसुद्धा त्यांचीच. एकानं तर फार कडक शब्द वापरलाय."

"कोणता?"

थामरोंग खिडकीकडे पाहत म्हणाले, "चोरी."

बाईंना आधी हसू फुटणार होतं. मग ते विरून गेलं. सगळा जन्म गावोगाव फिरून लोकांच्या बोटांना सुया टोचल्या, आणि शेवटी पदरात हे!

"महिनाअखेर काहीतरी खुलासा द्या," थामरोंग म्हणाले. "किंवा अर्ज मागे घ्या. मग कुणी काही विचारणार नाही. पण लोक बोलायचे ते बोलतील, ते माझ्या हातात नाही."

खाली प्रयोगशाळेत संगवियन वाटच बघत होती. बाईंबरोबर ती तरुणपणापासून काम करत आली होती. हसरी, जाडजूड आणि तोंडाची फटकळ. तिनं सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"एक ओळ, ताई! एका ओळीचं काम! 'पथुम म्हणजे मीच.' खाली सही. कचेरीचा दाखला आहे ना तुमच्याकडे? लावा त्याला टाचणी आणि द्या त्या खोकल्याच्या तोंडावर फेकून!"

"नाही लिहिता येणार."

"का म्हणून?"

"का, ते तुला माहीत आहे."

संगवियनला माहीत होतं. म्हणून तर ती इतकी चिडली. हातातला नळ्यांचा रॅक आदळत म्हणाली, "अख्ख्या देशाला रक्तातलं विज्ञान शिकवलंत, आणि घरात म्हाताऱ्या आईपुढे मांजर!"

बाईंनी तो रॅक सरळ करून ठेवला. खुर्चीत बसल्या आणि समोरच्या फळीवरची जुनी काचेची नळी हातात घेऊन फिरवत राहिल्या.

काय दिवस होते ते! पिकअप गाडीच्या मागच्या भागात बर्फाचा डबा, नळ्या, मिठाचं पाणी, आणि सगळ्यांत आधी चढायची ती चिकट भाताची टोपली. पथुम आणि संगवियन, दोघी तिशीच्या आतल्या, धुळीनं लाल होऊन गावात उतरायच्या. विहाराच्या ओसरीवर गरोदर बायका नवऱ्यांना ओढत आणायच्या. बाप्ये सुईला भ्यायचे आणि बायका त्यांची टर उडवायच्या. "अहो, म्हशीला दावं बांधताना भीत नाही, आता काय झालं?" रक्ताचा थेंब त्या पाण्यात पडला की नळीमागे वर्तमानपत्र धरायचं. छापील ओळ स्वच्छ वाचता आली तर ठीक. धूसर दिसली तर त्या रक्तात थॅलसेमियाचा अंश असण्याचा संभव, त्याची पुढे शहरात नेऊन तपासणी. नवरा-बायको दोघांच्याही नळ्या धूसर निघाल्या, तर मात्र खाली बसून बोलायचं. हळू आवाजात, घाई न करता. महागडं यंत्र नको, वीज नको. गावची आरोग्यसेविका तेवढी हवी आणि कालचं वर्तमानपत्र हवं. पथुमनं हे सगळं नीट मांडून लिहिलं, आणि तो निबंध असा काही चालला की बाईंना स्वतःलाच खरं वाटेना.

तेव्हा संदर्भ मोजणारा संगणक कुठला! तेव्हा कार्डं यायची. 'आपल्या निबंधाची एक प्रत पाठवावी' अशी छापील कार्डं, सायप्रसहून, इटलीहून, लाओसहून, कुठकुठून. पथुम ती सुट्टीत गावी घेऊन जायची. आई खाम्पेंगला अक्षर वाचता येत नव्हतं, पण तिकिटांवरची चित्रं तिला फार आवडायची. तिनं ती कार्डं भाताच्या कोठारात, आतल्या भिंतीला ओळीनं टाचली होती. शेजारणी भात उसना न्यायला आल्या की मुद्दाम दार सताड उघडायची. "ही बोट बघ. माझ्या थुमला पाठवलीय. कोण आहे कुणास ठाऊक, पण भला माणूस दिसतो." थुम म्हणजे पथुम. पुढे परिषदांत मिळालेल्या सगळ्या टाळ्या एकीकडे आणि ते भाताच्या वासाचं कोठार एकीकडे. बाईंना आजही कुणी संदर्भांचा आकडा सांगितला की डोळ्यांपुढे ती भिंतच यायची.

त्याच काळात एकदा पथुमच्या तोंडून ते निघून गेलं. आई नदीवरच्या पायरीवर तांदूळ धूत होती. सहज बोलता बोलता थोंगदीचा विषय निघाला. थोंगदी म्हणजे पाठचा भाऊ, पोट फुगून, पिवळा पडून गेलेला. त्याच्या मागचाही तसाच गेला. आई म्हणाली, "कुणाची नजर लागली होती कोण जाणे."

"नजर नाही आई," पथुम म्हणाली. नव्यानं सगळं कळलेलं होतं ना, जीभ कशी थांबणार? "रक्तातच होतं. अर्धं बाबांकडून आलं आणि अर्धं तुझ्याकडून. दोन अर्धी एकत्र आली की मूल आजारी."

आई तांदूळ धूत राहिली. पाणी केव्हाच स्वच्छ निघत होतं तरी धूत राहिली. मग एवढंच म्हणाली, "म्हणजे मीच दिलं."

पथुमनं मग नाना परींनी समजावलं. यात कुणाचा दोष नसतो, इथल्या घराघरांत हे रक्त आहे, तुला ठाऊक असतं तर का तू... सगळं खरं होतं आणि सगळं फुकट गेलं. त्या दिवसापासून खाम्पेंग लेकीच्या ताटात भात वाढताना तिच्याकडे बघेनाशी झाली.

आणि पुढच्याच लावणीच्या दिवसांत पथुमला ताप भरला. भातखाचरातल्या चिखलातून येतो तो, जीवघेणा. डोळे पिवळेजर्द, लघवी बंद. डॉक्टरांनी आईला बाहेर बोलावून काय सांगायचं ते सांगितलं. आई इस्पितळाच्या पायऱ्यांवर रडत बसली नाही. उठली आणि तडक विहारात गेली. भंतेंनी वार विचारला. बुधवारी रात्री जन्मलेली पोर, आणि नाव पथुम! पहिलं अक्षर मारक, शेवटचं अक्षर मारक. भंतेंनी नवं नाव दिलं, थन्यारात, म्हणजे धान्याचं रत्न. खाम्पेंग ते नाव वाटभर घोकत आली आणि लेकीच्या कानात ओतलं.

ताप उतरला. औषधानं उतरला म्हणा, वयानं म्हणा. उभं राहता येऊ लागल्यावर पहिल्यांदा आईनं तिला कुठं नेलं असेल तर तालुका कचेरीत. आणि तिथून विहारात, मूर्तीपुढे बसवून वचन घेतलं. "ते नाव तू कधी सांगायचं नाहीस, लिहायचं नाहीस. कुणी त्या नावानं हाक मारली तर ओ द्यायची नाहीस. ज्यानं माझी दोन नेली ते अजून त्याच नावानं तुला शोधतंय."

विज्ञान शिकलेली बाई, तिला काय हे पटलं असेल? काडीचंही नाही! पण तिनं आईचं तोंड पाहिलं. कित्येक महिन्यांनी आई तिच्याकडे सरळ बघत होती. रक्त बदलणं काही त्या माउलीच्या हातात नव्हतं. नाव बदलणं होतं, आणि ते तिनं करून लेक वाचवली होती. आता ते खोटं आहे म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं? पथुमनं हात जोडून वचन दिलं.

घरी आल्यावर आईनं कोठारातली कार्डं एकेक करून काढली आणि भाताच्या चुलीत घातली. बोटही गेली. पथुम दारात उभी राहून बघत होती. पण चुलीवरचा भात त्या दिवशी आईनं तिला स्वतःच्या हातानं भरवला.

तेव्हापासून आई तिला 'पोरी' म्हणते. थन्यारात हे नाव तिच्याही जिभेवर कधी बसलं नाही. ते साहेब लोकांनी मारायच्या हाकेचं नाव, असं तिचं म्हणणं.

तर अशी ती भानगड. म्हणून बाईंनी महिनाअखेर खुलासा दिला नाही. अर्ज मागे घेते असं थामरोंग यांना लिहून दिलं आणि खोलीतलं सामान आवरायला लागल्या. खुलासा दिला असता तर पद मिळालं असतं, पद मिळालं की विहारापुढे गावकरी फलक लावणार, फलकावर दोन्ही नावं येणार, आणि वाचायला न येणाऱ्या आईला ती वाचून दाखवायला अख्खं गाव टपलेलं. त्या वयात तिच्या जिवाला तो घोर कशाला? चोर तर चोर. लोक चार दिवस बोलतील आणि विसरतील. असं त्या संगवियनला म्हणाल्या खऱ्या, पण नळ्या कागदात गुंडाळताना त्यांनी दोन फोडल्या.

संगवियन गप्प बसणारी नव्हतीच. निवृत्तीनिमित्त गावी खवन बोलावण्याचा विधी ठरला होता. खवन म्हणजे माणसाचा तो आतला जीव, जो दुःखानं, दगदगीनं, भीतीनं अंगातून निघून रानावनात भटकतो. त्याला हाका मारून घरी आणायचं आणि मनगटाला पांढरा दोरा बांधून ठेवायचा. त्याच्या तयारीला म्हणून संगवियन आदल्या दिवशी गेली आणि केळीच्या पानांचे द्रोण शिवता शिवता तिनं खाम्पेंगआजीला सगळं सांगून टाकलं.

"चोर?" आजी म्हणाली. "माझी पोर? कुणाचं चोरलं?"

"पथुमचं."

आजीच्या हातातली सुई थांबली. ते नाव तिच्या घरात कितीतरी वर्षांनी उच्चारलं गेलं होतं. संगवियनला वाटलं, आता म्हातारी खराटा घेऊन उठणार. पण आजीनं सुई पानात खोचून ठेवली. मग म्हणाली, "आणि ती काही बोलली नाही?"

"तुम्हाला वचन दिलंय म्हणे."

"वेडी," आजी म्हणाली आणि परत पान शिवायला लागली. उरलेले सगळे द्रोण तिनं एकटीनं शिवले.

विधीला सगळं गाव लोटलं. थामरोंगही विद्यापीठाच्या गाडीतून आले, रेशमी सदरा घालून, मांडी घालताना कण्हत. मधोमध फुलापानांचा मनोरा, उकडलेली अंडी, भात, कोंबडी, तांदळाची दारू. विधी सांगणारे आजोबा डोळे मिटून, सूर लावून गात होते. "ये गं खवन, थन्यारातची खवन, शेतात असशील तर ये, रानात असशील तर ये..." लोक मधेमधे पुकारत होते, "आली, आली!"

"थांब," खाम्पेंग म्हणाली.

आजोबांचा सूर मोडला. असं मधेच कुणी बोलत नाही.

"काय झालं, खाम्पेंग?"

"अर्धीच बोलावतोयस तू," ती म्हणाली. "अर्धी केव्हाची बाहेर उभी आहे. मीच घालवली होती."

ती लेकीच्या जवळ सरकली. हातात दोरा घेतला. डोळे गच्च मिटले, माणूस गार पाण्यात उतरताना मिटतो तसे, आणि उभ्या ओसरीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तिनं हाक मारली. "पथुम! पथुम गं! ये आता. घरी ये. भात झालाय. तुझी बोटीची चित्रं मी जाळली, रागावू नकोस, ये. आईनं बोलावलंय."

 'आली' म्हणायचं असतं हेच लोक विसरले. डॉक्टर थन्यारात खाली मान घालून ढसाढसा रडत होत्या. आईनं त्यांच्या मनगटाला दोरा बांधला आणि गाठ मारली.

थामरोंगना राहवेना. ते हळूच पुढे वाकले. "आजी, पथुम म्हणजे... यांच्या थोरल्या बहीण ना? त्या वारल्या ना?"

"वारेल तुझा वैरी!" आजी कडाडली. "ही काय समोर बसलीय! मी जन्म दिलाय हिला, मला माहीत की तुला? कोण मेला म्हणतो माझी पोर चोर आहे? आपल्याच कोठारातला भात खाल्ला तर त्याला चोरी म्हणतात होय रे तुमच्या बँकॉकात?"

थामरोंग यांना असा खोकला आला की दोघांना पाठ चोळावी लागली. तो थांबल्यावर म्हणाले, "मागे घ्यायचा अर्ज अजून माझ्याच टेबलावर आहे. पुढे पाठवलेला नाही." संगवियननं तिथल्या तिथं पिशवीतून कागद काढला. ती एक ओळ तिनं केव्हाच लिहून ठेवली होती. बाईंनी खाली सही केली. दोन्ही नावांनी.

पुढे परीक्षकांनी दिलगिरी कळवली, पद मिळालं, विहारापुढे फलक लागला, त्यात जुनं नाव मोठ्या अक्षरांत असावं म्हणून आजी रंगाऱ्याच्या मानगुटीवर बसली. संगणकातही दोन बायकांची एक बाई झाली आणि तिची रास बघून विद्यापीठातले लोक चाट पडले. ते सगळं यथासांग झालं. पण बाईंना विचाराल तर त्या हे काही सांगणार नाहीत. त्या सांगतील विधीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

जाग आली तेव्हा मच्छरदाणीच्या आत आई बसलेली होती. अंगात कालचेच कपडे. लेकीचं दोरा बांधलेलं मनगट दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवलेलं, आणि नजर तिच्या छातीवर, श्वास वर येतो का खाली जातो हे बघत. रात्रभर तशीच बसली असणार. सगळ्यांसमोर कडाडलेली म्हातारी, आता तिचा चेहरा पार उतरला होता. बाहेर कुणीतरी चूल पेटवली होती, भाताची वाफ घरात यायला लागली होती.

आईनं घाबरत घाबरत, अगदी हळू आवाजात हाक मारली.

"थुम?"

"ओ, आई."

"आहेस ना गं?"

"आहे."